शस्त्रक्रियेची जखम आणि घरची हळद

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. दोन-चार दिवसांत रुग्णाला घरी सोडले जाते. हाती डिस्चार्ज कार्ड, औषधांची पिशवी आणि 'टाके काढायला अमुक दिवशी या' एवढी सूचना असते. उपचार संपले, आता फक्त विश्रांती, अशी घरच्यांची समजूत होते. प्रत्यक्षात जखम शिवली जाते रुग्णालयात. ती भरून येते घरी. आणि बिघडते तीही बहुतेक वेळा घरीच.

शस्त्रक्रियेच्या जागी होणारा जंतुसंसर्ग पहिल्या दोन दिवसांत क्वचितच दिसतो. तो डोके वर काढतो साधारणतः चौथ्या-पाचव्या दिवसानंतर. म्हणूनच वैद्यकशास्त्र शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत, आणि सांध्याचे रोपण किंवा हर्नियाची जाळी यांसारखी वस्तू शरीरात बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत जखमेवर लक्ष ठेवायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ११ टक्के रुग्णांना असा संसर्ग होतो, असे त्या वेळी संघटनेने नमूद केले होते. म्हणजे नवापैकी एक. यातील बराच भाग शस्त्रक्रियागृहातील शिस्तीवर अवलंबून असतो. पण उरलेला भाग घरातील हात, पाणी, कपडे, आहार आणि समजुती यांच्यावर ठरतो. सातारा-सांगलीच्या परिसरात या समजुतींमध्ये पहिला मान अर्थातच हळदीचा आहे.

मिरजेची परंपरा, बदललेला मुक्काम

कृष्णाकाठाला शस्त्रक्रिया नवी नाही. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू झाले. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर करण्याची पद्धत जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये जगापुढे मांडल्यानंतर अवघ्या तीन दशकांच्या आत ते शास्त्र मिरजेसारख्या छोट्या संस्थानी गावात पोहोचले होते. रेल्वे जंक्शनमुळे दूरदूरचे रुग्ण येथे येऊ लागले. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. १९८४ मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय संस्था उभी राहिली. साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतला रुग्ण 'मिरजेला दाखवू' म्हणतो, त्याला शंभराहून अधिक वर्षांची पार्श्वभूमी आहे.

बदलला आहे तो रुग्णालयातला मुक्काम. पूर्वी टाके निघेपर्यंत रुग्णाला ठेवून घेण्याची पद्धत सर्वसाधारण होती. जखमेकडे रोज परिचारिकेची नजर जात असे. आता दुर्बिणीतून पित्ताशय काढलेला रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, तर सिझेरियन झालेली बाळंतीण तीन-चार दिवसांत. लवकर घरी जाणे चांगलेच आहे. रुग्णालयातील हट्टी जंतूंचा संपर्क कमी होतो, रुग्ण लवकर चालू-फिरू लागतो, खर्च वाचतो. मात्र परिचारिकेची ती नजर आता घरातील कोणाला तरी उसनी घ्यावी लागते. जतच्या किंवा माणच्या एखाद्या गावी परतलेल्या रुग्णासाठी तर ती फारच मोलाची ठरते. कारण शंका आली म्हणून लगेच मिरज किंवा कराड गाठणे सोपे नसते.

जखम भरते कशी?

काळजी काय घ्यायची हे कळण्यासाठी जखमेत काय चालले आहे हे थोडक्यात समजून घ्यायला हवे. पहिल्या काही तासांत रक्त गोठून जखमेची तोंडे बंद होतात. पुढचे तीन-चार दिवस शरीराच्या संरक्षक पेशी तेथे गोळा होऊन मेलेल्या पेशी आणि जंतू यांची साफसफाई करतात. जखमेभोवती किंचित लाली, सूज, ऊब आणि दुखणे असते ते या कामामुळेच. त्याला लगेच संसर्ग समजून घाबरू नये. टाक्यांनी नीट जुळवलेल्या त्वचेवर २४ ते ४८ तासांत नव्या पेशींचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि बाहेरचे जंतू सहजासहजी आत शिरू शकत नाहीत.

त्यानंतर दोन-तीन आठवडे नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजेन नावाचे तंतू तयार होतात. या काळात जखमेला खाज सुटते. शेवटचा टप्पा या तंतूंच्या बळकटीचा. तो काही महिने, कधी वर्षभरही चालतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वरून जखम पूर्ण मिटलेली दिसत असली, तरी तीन आठवड्यांनंतर तिची मजबुती मूळ त्वचेच्या सुमारे २० ते ३० टक्केच असते. ८० टक्क्यांच्या आसपास जायला तीन महिने लागतात आणि पूर्वीइतकी ती कधीच होत नाही. 'टाके निघाले, आता काय' असे म्हणून जड कामाला लागणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

थोडक्यात, जखम भरण्याचे काम शरीर स्वतः करते. कोणतेही चूर्ण, मलम किंवा लेप ते काम शरीराऐवजी करत नाही. घरच्यांचे काम एवढेच, की त्यात अडथळा येऊ द्यायचा नाही आणि काही बिघडले तर वेळीच ओळखायचे.

पेटंटची लढाई आणि टाक्यांवरची हळद

सांगली ही हळदीची पेठ. येथील हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूर, सांगलवाडीच्या जमिनीतील पेवांत हळद साठवण्याची जुनी पद्धत सर्वश्रुत आहे. अशा मुलखात कापले-खरचटले की हात हळदीच्या डब्याकडे जाणे स्वाभाविकच.

त्यात हळदीच्या पेटंटचे प्रकरण लोकांच्या स्मरणात पक्के बसलेले आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय शोधनिबंध यांसह ३२ संदर्भ सादर केले आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ते हक्क रद्द ठरवले. पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणातील तो मोठा विजय होता.

परंतु त्या निकालाचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. पेटंट कार्यालयापुढील प्रश्न 'हे ज्ञान नवे आहे का' हा होता. 'नाही, भारतीयांना ते पूर्वीपासून माहीत आहे,' असे त्याचे उत्तर मिळाले. शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर स्वयंपाकघरातील हळद दाबावी की नाही, हा प्रश्न तेथे कोणी विचारलेलाच नव्हता.

हळदीतील कुर्क्युमिन या घटकाला जंतुरोधक आणि दाहशामक गुण आहेत, हे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. पण डब्यातील हळद म्हणजे शुद्ध कुर्क्युमिन नव्हे. हळकुंड जमिनीतून निघते, शिजते, उघड्यावर वाळते, गिरणीत दळले जाते. त्या प्रवासात मातीतील जंतू आणि त्यांचे चिवट बीजाणू तिच्यात मिसळू शकतात. भाजीत शिजल्यावर त्यांचे फारसे काही चालत नाही. ताज्या जखमेत मात्र त्यांना मोकळे रान मिळते. सुट्या हळदीत लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलो यांसारख्या रंगांची भेसळ होते, ही भीती वेगळीच. शिवाय पूड जखमेच्या फटीत साचते आणि शरीर तिला परकी वस्तू मानून तिच्याशी झगडत बसते.

सर्वांत मोठा तोटा आणखी निराळा आहे. संसर्गाची पहिली खूण रंगाची असते. लाली पसरते आहे का, येणारे पाणी स्वच्छ आहे की पिवळसर पू आहे, हे डोळ्यांनी पाहून ठरवायचे असते. हळदीने माखलेल्या जखमेत लालीही दिसत नाही आणि पूही ओळखू येत नाही. ज्या पदार्थाने जखम बरी होईल अशी आशा असते, तोच तिचा बिघाड झाकून ठेवतो.

हाच नियम राख, चुना, तंबाखूची पूड, तूप, खोबरेल तेल, कापूर यांनाही लागू आहे. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड ही द्रव्येही जखमेवर ओतू नयेत. ती जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या पेशींनाही मारतात. जंतुनाशक पावडर किंवा मलम डॉक्टरांनी लिहून दिले असेल तरच वापरावे. हळद घालून दूध प्यायला हरकत नाही. मात्र कुर्क्युमिनच्या गोळ्या घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगावे, कारण मोठ्या मात्रेत रक्त गोठण्यावर त्यांचा परिणाम होऊ शकतो.

पट्टी आणि आंघोळ

रुग्णालयात बांधलेली पहिली पट्टी साधारण ४८ तास तशीच ठेवावी, असा प्रघात आहे. ती रक्ताने किंवा पाण्याने भिजली, सुटली किंवा मळली तरच आधी बदलावी. पुढे पट्टी किती दिवस ठेवायची, हे जखमेप्रमाणे ठरते. कोरड्या, मिटलेल्या जखमेला काही दिवसांनी पट्टीची गरजही उरत नाही.

घरी पट्टी बदलायची वेळ आली तर ते काम एकाच व्यक्तीने करावे. तिने नखे कापलेली असावीत, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात. साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत, जुनी पट्टी काढल्यावर पुन्हा धुवावेत. पट्टी चिकटली असेल तर ओढू नये. निर्जंतुक सलाइनने भिजवून सैल करावी. जखम पुसायची असेल तर जखमेकडून बाहेरच्या बाजूला, आणि एका कपड्याने एकदाच. औषधाच्या दुकानात मिळणारे बंद पाकिटातील निर्जंतुक गॉजच वापरावे. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू चिकटतात. जुन्या साडीची किंवा धोतराची पट्टी कितीही मऊ असली तरी ती निर्जंतुक नसते. खपली सोलू नये. टाक्याचे टोक लोंबत असेल तर ते घरी कात्रीने कापू नये.

जखम उघडी ठेवून आत गॉज भरलेले असेल, नळी बसवलेली असेल किंवा मधुमेहामुळे पायावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर ड्रेसिंग शिकलेल्या हातानेच व्हावे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात ते होऊ शकते. नळीची पिशवी जखमेच्या पातळीपेक्षा खाली ठेवावी आणि रोज किती पाणी जमले, त्याचा रंग कोणता, हे वहीत लिहून ठेवावे.

'टाके निघेपर्यंत अंगाला पाणी लावायचे नाही' हा समज आता मागे पडला आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर बंद जखमेवरून ४८ तासांनंतर साधे पाणी वाहू द्यायला हरकत नसते. आपल्याकडे बादली-तांब्याने आंघोळ करतात. तांब्याने खांद्यावरून हळू पाणी ओतावे, जखमेवर जोराचा झोत घेऊ नये, साबण चोळू नये. नंतर स्वच्छ, धुतलेल्या टॉवेलने टिपून कोरडे करावे. जखम पाण्यात बुडवणे मात्र निषिद्ध. शस्त्रक्रियेतून सुखरूप उठलो म्हणून वाईला, संगम माहुलीला किंवा हरिपूरच्या संगमावर स्नानाचा नवस फेडायचा असेल, तर जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी संमती देईपर्यंत तो पुढे ढकलावा. विहीर, कालवा आणि जलतरण तलाव यांनाही हेच लागू.

एक जिल्हा, दोन हवामाने

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा पश्चिम भाग पावसाचा आणि पूर्व भाग दुष्काळी. जखमेची काळजीही त्यानुसार बदलते. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या भागात पावसाळ्यात हवा सतत दमट असते आणि कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. ओलसर कपड्याखाली पट्टी भिजते आणि भिजलेली पट्टी जंतूंना आत नेणारी वात बनते. अशा वेळी कपडे इस्त्री करून वापरावेत, गॉजची पाकिटे हवाबंद डब्यात ठेवावीत आणि पट्टी ओली झाली की लगेच बदलावी.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागात अडचण उलटी. उन्हाळ्यात घाम, धूळ आणि पाण्याची टंचाई. टँकरचे किंवा विहिरीचे पाणी जखमेला लावायचे असेल तर ते उकळून, झाकून थंड केलेले असावे. पाणी कमी असेल तर बचत कोठेही करावी, पण हात धुण्यात करू नये. घामाने चिकट पट्टीखालची त्वचा लाल होऊन खाजू लागली तर पट्टीचा प्रकार बदलून घ्यावा.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठाला आणखी एक धडा दिला. पुराच्या पाण्यात गटारांचे पाणी, मेलेली जनावरे, रसायने सारे मिसळते. ताजी जखम असलेल्या व्यक्तीने त्या पाण्यात पाऊल टाकू नये. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांची शस्त्रक्रिया जुलै-ऑगस्टमध्ये झाली असेल, तर पाणी चढण्याची वाट न पाहता रुग्णाला आधीच उंचावरील नातेवाइकांकडे हलवावे. डिस्चार्ज कार्ड, औषधे आणि आठवडाभर पुरतील इतकी गॉजची पाकिटे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी ठेवावीत. जखमेला पुराचे पाणी लागलेच, तर ती स्वच्छ पाण्याने आणि साबणाने हलकेच धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताच्या लशीबाबतही त्यांना विचारावे.

पथ्याच्या नावाखाली उपासमार

शस्त्रक्रियेनंतर भात खाल्ला की पू होतो, वांगे, बटाटा, आंबट खाल्ले की जखम चिघळते, ही समजूत घरोघर आढळते. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नव्हे. पथ्याच्या नावाखाली रुग्णाला आठवडाभर कण्हेरी-पेजेवर ठेवले तर जखम भरण्यासाठी लागणारा माल शरीराला मिळत नाही. ते कोलॅजेन तंतू प्रथिनांपासून बनतात आणि ते घडवायला क जीवनसत्त्व लागते.

त्यासाठी महागडी पावडर आणण्याचे कारण नाही. डाळ, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, शेंगदाणे, दूध, दही, चालत असेल त्यांना अंडी, मासे, चिकन यांतून प्रथिने मिळतात. आवळा, पेरू, लिंबू, मोसंबी यांतून क जीवनसत्त्व मिळते. पालेभाज्या, ज्वारीची भाकरी आणि भरपूर पाणी घेतल्याने बद्धकोष्ठता होत नाही. शौचाच्या वेळी जोर करावा लागल्याने पोटाच्या टाक्यांवर येणारा ताणही टळतो. पोटाच्या, आतड्याच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य अर्थातच आधी पाळावे.

मधुमेहींनी रक्तातील साखरेवर काटेकोर लक्ष ठेवावे. वाढलेल्या साखरेने संरक्षक पेशी दुबळ्या होतात. त्यांच्या जखमेत संसर्ग झाला तरी दुखणे किंवा ताप फारसा जाणवत नाही; कधी कधी अचानक वाढलेली साखर हीच पहिली सूचना असते.

तंबाखूचा विषय टाळून चालणार नाही. विडी-सिगारेट जखमेला अपायकारक आहे हे पुष्कळांना पटते. पण तंबाखू चघळणे आणि मिश्री लावणे यांकडे दुर्लक्ष होते. घरातील मोठ्या बायकांची दिवसातून चार वेळा लागणारी मिश्री कोणी डॉक्टरांना सांगतही नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकते आणि जखमेला मिळणारा प्राणवायू घटतो. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल तर किमान चार आठवडे आधीपासून आणि जखम भरेपर्यंत तंबाखू सर्व रूपांत बंद ठेवावी.

घागर, नाडी आणि घाटरस्ता

विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळून राहणे नव्हे. घरातल्या घरात दिवसातून अनेकदा चालल्याने पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी घट्ट धरावी. वजन उचलणे मात्र टाळावे. पोट उघडून झालेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड काही उचलू नये, असे सांगतात. पाण्याने भरलेली घागर किंवा बादली दहा-पंधरा किलोंची असते, हे लक्षात घेतले की घरातील कोणती कामे दुसऱ्याने करायची हे आपोआप ठरते. कडेवर मूल घेणे, गाद्या उचलणे, गॅसचा सिलिंडर सरकवणे ही कामे त्यांतलीच.

कपड्यांकडेही पाहावे. परकराची किंवा पायजम्याची नाडी नेमकी सिझेरियन, हर्निया किंवा अपेंडिक्सच्या टाक्यांवर येत असेल तर दिवसभर घासून जखम लाल होते. काही दिवस सैल गाऊन किंवा नाडी वर बांधता येईल असे सुती कपडे वापरावेत. घाटातून प्रवास करायचा असेल तर गाडीत पुढच्या भागातील आसन घ्यावे, पट्टा आणि पोट यांच्यामध्ये छोटी उशी ठेवावी, पण पट्टा सोडू नये. मोटारसायकलवर मागे बसून खड्ड्यांतून येण्यापेक्षा टाके काढण्याच्या दिवशी एसटीने किंवा रिक्षाने यावे.

सिझेरियन झालेल्या बाळंतिणीला मालिश, शेक आणि धुरी देण्याची घाई करू नये. जखमेवर तेल लावणे टाळावेच. शेगडीचा शेक विशेष धोक्याचा. छेदाच्या आसपासची त्वचा काही महिने बधिर असते. चटका बसला तरी तिला कळत नाही आणि फोड आल्यावरच भाजल्याचे ध्यानात येते. ग्रामीण भागात आशा कार्यकर्त्या बाळ-बाळंतिणीला भेटायला घरी येतात. बाळाच्या वजनाबरोबर आईचे टाकेही त्यांना आवर्जून दाखवावेत.

केव्हा थांबू नये?

जखम रोज एकाच वेळी, उजेडात पाहावी. लाली वाढते आहे असे वाटले तर तिच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवावी. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली का, हे नेमके कळते. मोबाइलवर छायाचित्र काढून डॉक्टरांना पाठवता येते, पण ते तपासणीला पर्याय नव्हे. पुढीलपैकी काहीही दिसले तर टाके काढण्याच्या तारखेची वाट पाहू नये.

- तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे
- लाली, सूज किंवा कडकपणा पसरत जाणे, जखम गरम लागणे
- पू, गढूळ पाणी किंवा दुर्गंधी येणे
- १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, थंडी वाजणे
- टाके तुटणे, जखमेच्या कडा सुटणे
- दाबून धरूनही न थांबणारा रक्तस्राव
- पोटाच्या जखमेतून अचानक भरपूर गुलाबी पाणी येणे
- एका पोटरीला सूज व वेदना, छातीत दुखणे किंवा दम लागणे

यातील शेवटच्या तीन गोष्टींत तासाचाही विलंब नको. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. पोटाची जखम उसवून आतडे बाहेर दिसू लागले तर ते आत ढकलू नये. सलाइनने किंवा उकळून थंड केलेल्या पाण्याने ओलसर केलेले स्वच्छ कापड त्यावर ठेवावे, रुग्णाला गुडघे दुमडून उताणे झोपवावे आणि तोंडाने पाण्याचा घोटही देऊ नये.

किरकोळ शंका आली म्हणून जुन्या चिठ्ठीवर प्रतिजैविके आणून घेणे हाही घातक प्रकार. शस्त्रक्रिया संपल्यानंतर केवळ संसर्ग टळावा म्हणून प्रतिजैविके चालू ठेवू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची तत्त्वे सांगतात. संसर्ग झाल्यावर कोणते औषध लागेल, हे पू तपासून ठरवावे लागते. अर्धवट, चुकीचे औषध जंतूंना अधिक चिवट करते. डॉक्टरांनी दिलेला डोस मात्र मध्येच सोडू नये. वेदनाशामक गोळ्याही सांगितलेल्या वेळी घ्याव्यात. दुखणे दाबून धरणारा रुग्ण खोकत नाही, चालत नाही आणि त्यातून नवे त्रास उद्भवतात.

टाके निघाल्यानंतर

टाके काढण्याचा दिवस शरीराच्या भागाप्रमाणे बदलतो. चेहऱ्यावरचे तीन ते पाच दिवसांत, पोटावरचे साधारण सात ते चौदा दिवसांत, हातापायांवरचे आणि सांध्यांवरचे दहा ते चौदा दिवसांत काढतात. काही टाके आपोआप विरघळतात. आपले कोणते आहेत, हे घरी जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे. त्याच वेळी रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, पट्टी कोठे बदलून मिळेल, पाणी कधी लावायचे आणि वजन कधी उचलायचे हेही कार्डावर लिहून घ्यावे. शासकीय योजनेतून शस्त्रक्रिया झाली असेल तर फेरतपासणीच्या खर्चाबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. जखम चांगली दिसते म्हणून फेरतपासणी चुकवू नये; गाठीचा किंवा अवयवाचा तपासणी अहवाल अनेकदा त्याच भेटीत हाती येतो.

नव्या व्रणावर वर्षभर थेट ऊन पडू देऊ नये, नाहीतर तो काळपट होतो. व्रण जाड होऊन वर येऊ लागला, जखमेच्या मूळ सीमेबाहेर पसरू लागला, तर घरगुती लेपांत महिने घालवण्याऐवजी लवकर सल्ला घ्यावा.

भेटायला येणारा प्रत्येक जण आपापला उपाय सांगून जातो. त्याचा आदराने स्वीकार करावा आणि जखमेला मात्र त्यापासून दूर ठेवावे. धुतलेले हात, कोरडी पट्टी, भरलेले ताट आणि रोजची एक लक्षपूर्वक नजर एवढे घराने सांभाळले, तर उरलेले काम शरीर स्वतःच पार पाडते. हळदीचा डबा स्वयंपाकघरातच शोभतो.